शेड बांधण्याआधी जमिनीवर फक्की मारा

दादा, ट्रॅक्टर-अवजारं ठेवायला आणि त्यांच्या दुरुस्तीला शेड बांधताय, तर पत्र्याचं माप ठरवण्याआधी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून मोकळ्या जागेत उभा करा आणि भोवती फक्कीने रेघ मारा. चारही बाजूंना निदान 4 फूट सोडा. जॅक लावायला, पाना फिरवायला तेवढं लागतंच. मी 15 बाय 20 चं शेड बांधलं आणि पहिल्याच पावसाळ्यात पेरणीयंत्र बाहेर राहून गंजलं, अजून जीव हळहळतो. तुम्ही 20 बाय 30 च्या खाली येऊ नका. दार 12 फूट रुंद ठेवा, तेही पूर्वेला; आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. वेल्डिंग दाराजवळ करा, डिझेलचा बॅरल आणि कडबा तिथून लांब. अर्थिंग मात्र पहिल्याच दिवशी नीट करून घ्या.