बाबा विचारतात, तत्त्वज्ञानाने पोट भरतं का?

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या गावातून पुण्यात आले. आता मेजर विषय निवडायचाय आणि मला तत्त्वज्ञान घ्यायचंय. तर्कशास्त्राची उदाहरणं सोडवताना मेसची वेळ टळून जाते तरी कळत नाही. बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे. ते म्हणतात, अर्थशास्त्र घे, बँकेत तरी लागशील. त्यांना काय सांगू?

उत्तर : बाबांचा प्रश्न रास्त आहे. उधारीच्या वह्या सांभाळणाऱ्या माणसाला ज्ञानाची थोरवी ऐकवू नकोस, हिशेबात बोल.

त्यांचं म्हणणं वर्गात मांडतेस तसं मांडून बघ. तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांना नोकरी मिळत नाही. माझी मुलगी तत्त्वज्ञान शिकणार. म्हणून तिला नोकरी मिळणार नाही. युक्तिवाद वैध आहे, म्हणजे पहिली दोन विधानं खरी मानली तर तिसरं निघतंच. तपासायचं ते पहिलं आधारविधान, म्हणजे ज्यावर सगळं उभं आहे ते पहिलं वाक्य. (हे जेवताना बाबांना समजावू नकोस, भाकरी घशात अडकेल.)

ते विधान निम्मं खरं आहे. नुसत्या बी.ए.वर कुणी दारात उभं करत नाही. पण ते अर्थशास्त्राच्या बी.ए.लाही लागू आहे! शिवाय बँकेची पीओची (प्रोबेशनरी ऑफिसरची) परीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. म्हणजे बाबांना हवी ती वाट तत्त्वज्ञान घेऊनही उघडीच राहते. हा मुद्दा त्यांना नक्की पटेल.

प्राध्यापकीचं मात्र स्वप्न बेताने बघ. एम.ए., मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि एवढं करून तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे कितीतरी आहेत. ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवता येतं, त्याला बी.एड. लागेल, पण जागा तिथेही थोड्याच. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय आहे. क्लासवाले ‘अभ्यासक्रम छोटा आहे’ म्हणून तो गळ्यात मारतात. तेवढ्यासाठी घेणार असशील तर नको घेऊस.

तुझं पत्र वाचताना मला सारखी वकिली दिसत होती. पदवीनंतर सीईटी आणि तीन वर्षांचं एलएल.बी. कोर्टात दिवसभर काय चालतं? समोरच्याच्या म्हणण्यातलं कुठलं विधान पुराव्याशिवाय उभं आहे, ते शोधणं. मेस चुकवून तू तेच तर करतेस. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. नव्या औषधांच्या चाचण्यांना मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. 2019च्या नियमांत त्यातल्या एका जागेसाठी समाजशास्त्रज्ञांच्या बरोबरीने तत्त्वज्ञाचंही नाव आहे. त्यावर घर चालणार नाही, पण विषयाचं काम कुठे पडतं ते कळतं.

आणि हो, अंमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर 1916 साली प्रताप शेठ या गिरणीमालकाने काढलं. साने गुरुजी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले आणि त्याच गावात शाळामास्तर झाले. दुकानदार बापाला शेठजींची गोष्ट जरूर सांग.

फॉर्म भरण्याआधी एक कर. बाबांना एक दिवस पुण्याला बोलाव आणि विभागप्रमुखांसमोर बसव. गेल्या पाच वर्षांतल्या मुली आज कुठे आहेत, हे त्यांनाच विचारू दे. तू मध्ये बोलू नकोस. उत्तर गुळमुळीत आलं, तर अर्थशास्त्र मेजर आणि तत्त्वज्ञान मायनर घेता येतं का, ते तिथेच विचारून घे.

– ताई