'अपघात' शब्दातला घात

वणीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या भागातल्या एका कोळसा खदानीत छत पडून दोन कामगार गेले. वर्तमानपत्राने 'अपघात' छापलं. व्यवस्थापनाच्या फलकावर 'दुर्दैवी घटना' असं होतं. युनियनचं पत्रक लिहायचं काम यांच्याकडे आलं, यांनी 'दुर्घटना' लिहिलं, तर एक जुने सहकारी म्हणाले, "दुर्घटना कसली? घातपात लिही." यातला बरोबर शब्द कोणता, आणि नुसत्या शब्दाने काही फरक पडतो का, असं ते विचारतात.

फरक पडतो. किती, ते पुढे येईलच. आधी शब्द पाहू.

'घात' हा हन् धातूपासून आलेला, म्हणजे मारणे. 'अपघात' म्हणजे संस्कृतात मारून दूर सारणं, ठार करणं. विश्वासघात, आत्मघात, घातक, घातकी ही सगळी याचीच भावंडं, आणि यातल्या प्रत्येकात मारणारा कोणीतरी असतो. मराठीत 'अपघात' बराच काळ अनैसर्गिक, हिंसक मरणासाठी वापरला जायचा. 'अपघाती मृत्यू' या जोडशब्दात ती धग अजून थोडी शिल्लक आहे. पण आज स्कूटरचा आरसा फुटला तरी आपण 'किरकोळ अपघात झाला' म्हणतो. शब्द झिजला, आणि झिजताना नेमका त्यातला मारणाराच गळून पडला.

'दुर्घटना'त मारणारा कधी नव्हताच. घडलं ते वाईट घडलं, एवढंच तो सांगतो. हिंदी-बंगालीत सायकलच्या टकरीपासून विमान कोसळण्यापर्यंत सगळ्याला दुर्घटनाच म्हणतात. मराठीने मात्र तो मोठ्या प्रसंगासाठी राखला: रेल्वे दुर्घटना, इमारत दुर्घटना, खाण दुर्घटना. म्हणजे आपल्याकडे हा फरक बराचसा आकड्याचा आहे, एक-दोन गेले तर अपघात, खूप गेले तर दुर्घटना. सरकारदरबारीही अशी मोजणी आहेच. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या हिशेबात दहा किंवा जास्त माणसं गेली तरच ती मोठी आपत्ती. नऊ गेले तर रकाना वेगळा.

'घातपात' मात्र लिहू नका. त्यात हेतू आहे, कोणीतरी मुद्दाम घडवून आणल्याचा आरोप आहे. 'अपघात की घातपात?' हा मथळा आपल्या पत्रकारांचा इतका आवडता की ते बोटं न हलवताही टाइप करत असतील. पण या मथळ्यात संशयित नेहमी बाहेरचा माणूस असतो, नाहीतर मग कामगार. मालकाने खर्च वाचवला याला 'घातपात' म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. कारखान्यात घातपाताची चौकशी लागली की झडती कोणाच्या डब्याची होते, हे तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

आणखी एक शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण तो सगळ्यांत आधी लिहिला जातो. पोलीस ठाण्यात पहिली नोंद होते ती 'अकस्मात मृत्यू'ची. 'कस्मात्' म्हणजे कशामुळे, कशापासून. 'अकस्मात्' म्हणजे ज्याला 'कशामुळे' नाही ते. चौकशी सुरू व्हायच्या आधीच कारण नसल्याचं कागदावर येतं! पोलिसांना ते अभिप्रेत नसतं, हे कबूल. पण शब्द मात्र तेच म्हणतो.

या 'अकस्मात'वरून खाणकामगारांच्या संघटना आणि मालक यांच्यात पावणेदोनशे वर्षं भांडण चालू आहे. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात हॅसवेल नावाची खाण होती. २८ सप्टेंबर १८४४ रोजी तिथे स्फोटात ९५ जण मेले, त्यात मुलंही होती. त्या भागातल्या खाणकामगारांचा एप्रिलपासून चाललेला मोठा संप नुकताच मोडला होता, संघटना हरलेली होती. तरीही संघटनेचे वकील विल्यम रॉबर्ट्स मृतांच्या घरच्यांच्या वतीने चौकशीत उभे राहिले आणि तज्ज्ञ पाठवा म्हणून थेट पंतप्रधान पील यांच्याकडे गेले. सरकारने पाठवले कोण, तर मायकेल फॅरडे आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल.

लायेलने पुढे सांगितलेला एक किस्सा विषय सोडून असला तरी गाळवत नाही. खाणीत हवा किती वेगाने वाहते ते कसं मोजता, असं विचारल्यावर तिथल्या माणसाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतीवर सोडली, आणि धूर ठरावीक अंतर किती वेळात जातो ते दुसऱ्याने घड्याळात पाहिलं. फॅरडेने विचारलं, दारू ठेवता कशात? पिशवीत, तोंड घट्ट बांधून. आणि पिशवी कुठे? "तुम्ही तिच्यावरच बसला आहात."

एवढी मोठी माणसं येऊनही ज्युरीचा निर्णय 'अपघाती मृत्यू' असाच आला. फॅरडे-लायेल यांच्या अहवालाने कोळसा काढून झाल्यावर मागे उरलेल्या पोकळ्यांतला वायू बाहेर काढायला सांगितलं होतं, आणि हवेतली कोळशाची धूळही पेट घेते हे दाखवलं होतं. मालकांना तो खर्च अवाजवी वाटला. पुढे १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कुरिएर इथे कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन १,०९९ माणसं गेली. शोधकार्य लवकर आटोपतं घेतलं गेलं, आणि २० दिवसांनी तेरा माणसं स्वतःच्या पायांनी वर आली. तोवर सगळा कोळसापट्टा संपावर गेला होता आणि सरकारने लष्कर पाठवलं होतं.

(जाता जाता: 'संप' हा शब्द गुजरातीत आजही एकी, मेळ या अर्थाने वापरतात. मराठीत एकी करून काम थांबवलं, आणि थांबवण्यालाच एकीचं नाव पडलं.)

तुमच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र तुर्कस्तानचं आहे. १३ मे २०१४ रोजी सोमा इथल्या कोळसाखाणीत आग लागून ३०१ कामगार गेले, बहुतेक कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून. दुसऱ्या दिवशी तिथे गेलेले तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन म्हणाले की असं घडणं या कामाच्या 'फित्रत'मध्येच आहे. हो, हिंदी गाण्यांतून आपल्याला माहीत असलेली तीच फितरत, उपजत स्वभाव. (मराठीतल्या 'फितूर'चा याच्याशी संबंध नाही, तो वेगळ्या अरबी धातूचा.) पुराव्यासाठी त्यांनी ब्रिटनमधल्या १९व्या शतकातल्या खाणींची यादी वाचली: १८६२ मध्ये २०४ मेले, वगैरे.

आता गंमत अशी, की १८६२ चे ते २०४ म्हणजे हार्टली खाणीचे. त्या खाणीत उतरायला-चढायला एकच उभी विहीर होती. पंपाच्या इंजिनाची प्रचंड तुळई मोडून तिच्यात पडली, वाट बुजली, आणि खालची माणसं गुदमरून मेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रत्येक खाणीला दोन वाटा असल्याच पाहिजेत असा कायदा केला. म्हणजे 'फितरत' म्हणून जे उदाहरण दिलं, तो स्वभाव एका कायद्याने बदललेला होता!

तुर्की भाषेत अपघाताला 'कझा' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ निवाडा, ईश्वरी निर्णय, म्हणून पुढे दैव. निवाडा करणारा तो काजी, आणि निवाड्याला नेलेलं भांडण तो आपला 'कज्जा'. सोमानंतर तिथल्या कामगार संघटना म्हणाल्या, 'कझा नाही, जिनायेत', म्हणजे दैव नव्हे, खून. 'काम करताना झालेला अपघात' याऐवजी 'कामावरचा खून' हा जोडशब्द त्यांनी पत्रकांत रुळवला. तुमचे सहकारी 'घातपात' म्हणाले तेव्हा त्यांना बहुधा हेच म्हणायचं होतं. शब्द चुकला, राग बरोबर होता.

आपल्या भाषेत या रागासाठी एक जुनी जोडी तयार आहे, आणि ती कोणी खाणीसाठी वापरत नाही याचं मला नवल वाटतं: अस्मानी आणि सुलतानी. पाऊस पडला नाही, टोळधाड आली, तर ती अस्मानी. फौज शेतातून गेली, वसुलीवाल्याने लुबाडलं, तर ती सुलतानी. पीक दोन्हीकडे जातं. पण जुन्या महसुली कागदांत दोन्हींना वेगळी नावं आहेत, आणि जाब कोणाला विचारायचा ते त्यावर ठरतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक इथे २६ फेब्रुवारी १९७२ रोजी खाणीच्या गाळाचे बांध फुटून १२५ माणसं वाहून गेली, तेव्हा पिट्स्टन कंपनीच्या बाजूने सांगण्यात आलं की ही देवाची करणी. बांध कंपनीने घातलेले, गाळ कंपनीचा, आणि करणी देवाची. सुलतानीला अस्मानी म्हणणं ते हेच.

मालक खासगी असला की भाषा बदलते आणि सरकारी झाला की सुधारते, असंही नाही. वेल्समधल्या अॅबरफॅनमध्ये २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीच्या टाकाऊ दगडमातीचा डोंगर शाळेवर घसरला. १४४ गेले, त्यातली ११६ मुलं. तिथली खाण राष्ट्रीय कोळसा मंडळाची, म्हणजे सरकारी. चौकशीत मुलांच्या मृत्यूची कारणं वाचली जात होती: गुदमरणं, अनेक जखमा. एक बाप मध्येच म्हणाला, नाही साहेब, 'राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत गाडलं' असं लिहा. दाखल्यावर मला तेच हवं आहे. या बापाने काय केलं ते व्याकरणाच्या अंगाने पाहा. त्याने वाक्याला कर्ता दिला. पुढच्या वर्षी न्यायाधिकरणानेही दोष मंडळाचाच ठरवला. नोकरी मात्र कोणाची गेली नाही.

युनियनचे पुढारीही कधी मालकाचीच भाषा बोलतात, हे तुमच्या पत्रकाच्या निमित्ताने सांगून ठेवतो. २० नोव्हेंबर १९६८ रोजी अमेरिकेतल्या फार्मिंग्टनला स्फोटात ७८ कामगार गेले. खाणकामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष टोनी बॉइल तिथे आले आणि कोळसा काढायचा तर धोका असणारच असं म्हणत कंपनीला सुरक्षिततेबद्दल शाबासकी देऊन गेले. पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातले कामगार पुढाऱ्यांना न विचारता संपावर गेले, आणि वर्ष संपायच्या आत खाण-सुरक्षेचा नवा कायदा झाला.

आपल्याकडे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनालात वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या पोकळीतलं पाणी खालच्या खाणीत घुसलं. अधिकृत आकडा ३७५. खाण इस्को या पोलाद कंपनीची, तीही तेव्हा सरकारी व्यवस्थापनाखाली, आणि देशात आणीबाणी. चासनाला सगळ्यांना आठवतं. त्याच्या ३९ दिवस आधी, १८ नोव्हेंबरला, नागपूर जिल्ह्यातल्या सिलेवाडा खाणीत असंच पाणी शिरून दहा कामगार गेले होते, ते फारसं कोणाला आठवत नाही. ३९ दिवसांत दोन ठिकाणी पाणी घुसतं, तेव्हा 'अकस्मात' हा शब्द निदान दुसऱ्या वेळी तरी लिहायला नको.

आता तुमचं पत्रक. आधी एक सावधगिरी: भरपाईच्या अर्जात मात्र 'अपघात' हाच शब्द ठेवा. भरपाई कायद्याचा (आधी १९२३ चा, आता सामाजिक सुरक्षा संहितेतला) सगळा डोलारा 'कामामुळे आणि काम चालू असताना झालेला अपघात' या शब्दांवर उभा आहे. तिथे मालकाची चूक सिद्ध करायची गरज नसते, आणि शब्दाशी खेळायला गेलात तर विधवेचे पैसे अडकतील. फरक पडतो म्हणालो तो असाही, उलट्या बाजूने.

पत्रकात 'दुर्घटना' चालेल. पण नामापेक्षा क्रियापदाकडे जास्त लक्ष द्या, कारण मराठीत कर्ता लपवायची सोय फार. 'छत कोसळले' यात छत जणू आपल्या मर्जीने खाली आलं. 'कामगारांचा बळी गेला' म्हटलं की बळी कोणी दिला हे विचारायचं राहून जातं. एक क्रियापद मात्र पाहण्यासारखं आहे: 'दगावणे'. वरवर सौम्य, आजारी माणसाबद्दल दबक्या आवाजात बोलावं तसं. पण आत 'दगा' आहे. कामगार दगावला म्हणजे मुळात त्याच्याशी दगा झाला. वापरा खुशाल, व्यवस्थापनाला हरकत घेता येणार नाही.

मी मसुदा केला असता तर शीर्षक 'खदानीतील दुर्घटना' एवढंच ठेवलं असतं आणि पहिल्या वाक्यात कर्ता आणला असता: 'आधार न लावता पुढचं काम करायला लावलं, छत पडलं, दोघे दगावले.' अर्थात आधार खरंच लावले नव्हते याची खात्री असेल तरच. सरदाराच्या रोजच्या नोंदवहीत ते दिसेल. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: इथला सरदार घोड्यावरचा नव्हे. पाळीच्या सुरुवातीला छत ठोकून पाहणं ज्याच्या कामात येतं, तो खाणीतला जबाबदार माणूस.)

आणि हो, तुम्ही शेवटी भीत भीत विचारलंय की 'खदान' लिहू की 'खाण'. खदान लिहा. पत्रक वणीत वाचलं जाणार आहे, आणि तिथे कोणी सकाळी 'खाणीवर चाललो' म्हणून घरातून निघत नाही.