रीजियस प्रोफेसर ऑफ इंजिनिअरिंग म्हणजे कोण? त्यांना पगार जास्त असतो का?

राजा किंवा राणीच्या मंजुरीने युनिव्हर्सिटीत प्रोफेसरचं जे पद तयार होतं ते रीजियस, ब्रिटनची जुनी पद्धत आहे. इंजिनिअरिंगमधलं पहिलं ग्लासगोचं, 1840 सालचं, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. 1855 पासून 1872 ला वारेपर्यंत त्या पदावर रँकिन होता. हो, तोच, पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवायचं जे चक्र असतं, त्या रँकिन सायकलवाला.

आणि रँकिन म्हटलं की माझं डोकं अजून तापतं. मी डिप्लोमा करून इंजिनिअरिंग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला आलेलो. थर्मलच्या ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल उघडायच्या आधीच विचारलं, डिप्लोमा का? सांगा रँकिन सायकल. माझं ट्रेनिंग साखर कारखान्याच्या को-जनला, म्हणजे वीज आणि वाफ दोन्ही बनवणाऱ्या प्लांटला झालेलं, दर तासाला फीड पंपाचा गेज फडक्याने पुसून रीडिंग लिहायचो, त्यामुळे मी तिथूनच सुरू केलं, बगॅसवर म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणारा बॉयलर, वाफ टर्बाइनला, मग कंडेन्सर, पाणी पंपाने परत बॉयलरला. तर म्हणे हे फिटरचं उत्तर झालं, टी-एस डायग्राम, म्हणजे तापमान आणि एंट्रॉपीचा आलेख काढा. काढला, बरोबर काढला. तरी सगळ्या बॅचसमोर म्हणाले, डिप्लोमावाल्यांना थिअरी जमत नाही, तुम्ही स्पॅनर फिरवा.

ज्याची सायकल विचारत होते तो रँकिन स्वतः आधी आयर्लंडमध्ये रेल्वेच्या कामावर होता, आणि ग्लासगोला प्रोफेसर झाल्यावर त्याच्या पहिल्या भाषणाचा विषयच थिअरी आणि प्रॅक्टिसचा मेळ हा होता! लंडनच्या इंपिरियल कॉलेजला इंजिनिअरिंगचं रीजियस पद 2013 मध्ये मिळालं, पहिले मानकरी क्रिस टूमाझू. ए-लेव्हल म्हणजे आपली बारावी, ती न करता इलेक्ट्रिशियनचं ट्रेनिंग घेतलेला माणूस, पीएचडी ऑक्सफर्ड पॉलिटेक्निकमधून, 33 व्या वर्षी इंपिरियलमध्ये प्रोफेसर. डीएनए तपासणाऱ्या मायक्रोचिपसाठी 2014 चा युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड मिळाला त्यांना. आता सांगा, कोणाला थिअरी जमत नाही?

तुम्ही डिप्लोमा करत असाल तर एम-थ्रीला, म्हणजे मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरला घाबरू नका, सुट्टीतच इंटिग्रेशन पक्कं करा, आणि ओरलला कारखान्यात पाहिलेलं बिनधास्त सांगा, डायग्राम मागायच्या आधीच काढून ठेवा.

एक आहे, तिकडची पॉलिटेक्निक डिग्री, पीएचडीपर्यंत शिकवायची, आपल्यासारखं नुसतं डिप्लोमापुरतं नव्हतं. पगाराचं म्हणाल तर तो युनिव्हर्सिटीच देते, रीजियस हा मुख्यतः मान आहे.