पहिलाच रीफ टँक आहे (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा), २ फुटाचा, लाईट कोणता घेऊ?

तुम्ही लिहिलंय की टँक २ फूट लांब आणि सव्वा फूट रुंद-उंच आहे, पुण्यात फ्लॅटमध्ये ठेवलाय, एक दुकानदार म्हणतो १६५ वॉटचा एलईडीच पाहिजे आणि दुसरा म्हणतो गोड्या पाण्याचाच पांढरा लाईट लावा, सोबत एक निळी ट्यूब लावली की झालं. माझं म्हणणं असं की दोघांनीही तुम्हाला खरा प्रश्न विचारलेलाच नाही, तो म्हणजे तुम्ही त्यात कोरल कोणते ठेवणार आहात. माशांसाठी एवढा विचार करायची गरज नसते, क्लाउनफिशला कुठलाही साधा लाईट चालतो. सगळा प्रश्न आहे कोरलचा.

कोरल हा प्राणीच आहे पण त्याच्या अंगात अगदी बारीक एकपेशीय शेवाळ राहतं, झूझॅन्थेली म्हणतात त्याला. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि त्यातला बराच भाग कोरलला मिळतो, म्हणजे बहुतेक रीफ कोरलचं निम्म्याहून जास्त पोट या लाईटवर भरतं. प्रकाश कमी पडला तर कोरल हळूहळू उपाशी राहतो, आणि जास्त झाला तर त्या शेवाळात अपायकारक ऑक्सिजन तयार व्हायला लागतो, मग कोरल ते शेवाळच बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. नवीन लोक कमी लाईटला घाबरतात पण त्यांच्याकडे कोरल जास्त करून दुसऱ्या कारणाने जातात, नवाकोरा जोरदार एलईडी पहिल्याच दिवशी फुल्ल करून ठेवल्यामुळे.

आता वॉटचं बघा. वॉट म्हणजे लाईट वीज किती खातो एवढंच, पाण्यात कोरलपर्यंत किती पोचतं ते त्यातून कळत नाही. त्यात हे जे १६५ वॉटचे काळ्या डब्यासारखे चायनीज लाईट मिळतात त्यांच्यावरचा आकडा म्हणजे ५५ एलईडी गुणिले ३ वॉट असा हिशेब असतो, प्रत्यक्षात ते त्याहून बरीच कमी वीज घेतात. कोरलसाठी बघायचं असतं ते पार, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतो ते, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो, पण आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नाहीये. डिस्कोसोमा या मशरूम कोरलला ५० च्या आसपास खूप झालं, झोआ, ग्रीन स्टार पॉलिप, लेदर कोरल हे सॉफ्ट म्हणजे मऊ कोरल ८० ते १५० मध्ये मस्त वाढतात. २००-३०० च्या पुढचं लागतं ते अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक कोरलना, आणि ते पहिल्या टँकमध्ये आणायचेच नाहीत, त्याचं कारण खाली लिहितो.

पार मीटर महाग असतो, एका टँकसाठी विकत घेऊ नका, ओळखीत कोणाकडे असेल तर एका दिवसासाठी मागून आणा. मोबाईलवरच्या लक्स अ‍ॅपच्या आकड्यावर मात्र जाऊ नका कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो त्याचं माप आहे, डोळ्याला हिरवा-पिवळा जास्त दिसतो, त्यामुळे निळ्या लाईटखाली लक्स एकदम कमी दाखवतं आणि तुम्हाला वाटतं लाईट कमी आहे म्हणून तुम्ही अजून वाढवता.

निळाच का, हे पण विचारलंय तुम्ही. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं, मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला डायव्हिंग केलेल्या माणसाला विचारा, थोडं खाली गेलं की लाल टीशर्ट काळपट दिसायला लागतो. निळा सगळ्यात खोल जातो आणि कोरलमधलं शेवाळ ४३० ते ४७० नॅनोमीटरचा निळा फार चांगला वापरतं, शिवाय त्या निळ्याखालीच कोरलचे हिरवे, केशरी रंग चमकून उठतात. दुसऱ्या दुकानदाराचं पूर्ण चूक आहे असं नाही, ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तसा प्रकाश निळसर) पांढऱ्या लाईटखाली सॉफ्ट कोरल जगतात आणि वाढतातही, फक्त सगळं तपकिरी-पिवळट दिसतं आणि काचेवरचं शेवाळ मात्र जोरात येतं. म्हणून रीफवाले १४००० ते २०००० केल्विनचा निळसर लाईट पसंत करतात.

तर तुमच्या टँकला काय घ्यायचं. साधारण ८५-९० लिटरचा टँक आहे, सव्वा फूट उंची म्हणजे उथळच, त्यावर ४० ते ६० वॉटचा एक बऱ्यापैकी रीफ एलईडी पुरून उरतो. कॅसिल ए१६० किंवा एआय प्राइम या वर्गातला मिळाला आणि बजेट असेल तर डोळे झाकून घ्या. बजेट नसेल तर तो काळा डबा सुद्धा चालेल, खरंच चालेल, फक्त तीन अटी, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे आणि तो पाण्यापासून फूटभर तरी वर टांगायचा, पांढरा १० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. डिमर नसलेला लाईट कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, माझ्यासाठी ही एकमेव गोष्ट आहे जिथे तडजोड नाही. टी५ म्हणजे बारीक फ्लोरोसंट ट्यूबचा उजेड खूप छान सगळीकडे सारखा पसरतो, मला अजूनही आवडतो तो, पण ट्यूब ९-१२ महिन्यांनी बदलाव्या लागतात आणि आता चांगल्या ट्यूब मिळवायला फिरावं लागतं. मेटल हलाइड बल्बचा विचारच नको, उन्हाळ्यात पाणी तापवून ठेवेल.

एका ठिकाणी बसवलेल्या लाईटची सावली पडते हे पण लक्षात ठेवा, मध्यभागी पार जास्त आणि दोन्ही कोपऱ्यांत निम्मा सुद्धा नसतो. याचा फायदाच करून घ्या, मशरूम खाली वाळूत कडेला, झोआ मधल्या उंचीवर, लेदर वर.

सुरुवात कशी करायची तर कोरल आणले की लाईट ३०-३५ टक्क्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला ५ टक्के वाढवा, घाई करू नका. सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं की पानं करपतात, तसंच होतं हे. मग आकड्यापेक्षा कोरलकडे बघा, झोआ मान लांब करून वर ताणायला लागले, मशरूम पसरट होऊन देठावर उंच झाला तर त्याला प्रकाश कमी पडतोय, आणि आकसून बसला, रंग फिका पडला तर जास्त होतोय. टायमर लावाच, रोज ८ ते ९ तास, ऑफिसमधून आल्यावर बघायचं असेल तर दुपारी १ ते रात्री १० ठेवा, कोरलला काही फरक पडत नाही, फक्त वेळ रोज तीच पाहिजे. ६० वॉटवर ९ तास म्हणजे महिन्याला १६ युनिटच्या आसपास. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिथे पडदा लावा.

एप्रिल-मेचं मात्र आत्ताच ठरवा. पाणी २५ ते २७ डिग्रीत राहिलं पाहिजे आणि आपल्याकडे खोलीच ३२ च्या वर जाते, त्यात टँकवर बंद झाकण आणि आत लाईट असला तर अजून वाढ, म्हणून वरून उघडा टँक आणि लाईट स्टँडवर किंवा सीलिंगला. मी ठाण्याला राहतो, माझाही टँक सॉफ्ट कोरलचा आहे आणि पाण्यावरून छोटा पंखा फिरवला की दोन-तीन डिग्री उतरतं असा अनुभव आहे, पण पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं आणि मीठ मागेच राहतं, म्हणून रोज साधं आरओचं पाणीच टाकायचं, मिठाचं नाही. वीज आणि खारं पाणी एकत्र आहे, त्यामुळे अर्थिंग नीट तपासून घ्या, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू दे, आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खालीच ठिबकेल.

कडक कोरलचं राहिलं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली रीफ बांधणारे सगळे कडक कोरल, सी फॅन, फायर कोरल, काळे कोरल संरक्षित आहेत. कोणी समुद्रातून काढलेला अ‍ॅक्रोपोरा किंवा ब्रेन कोरल दाखवला तर स्वस्त आहे म्हणून हात लावू नका, आणि कोकणातून फिरून येताना आठवण म्हणून तुकडा उचलून आणणं तर नकोच. मालवणचे कोरल आधीच गढूळ पाणी, वाढती उष्णता, जाळी आणि बोटींचे नांगर सोसून टिकलेत. सॉफ्ट कोरलमध्येच इतके रंग आहेत की दोन वर्षं तुम्हाला दुसरं काही सुचणार नाही. अ‍ॅनेमोन (क्लाउनफिश ज्यात राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी) पण निदान सहा-आठ महिने नको, त्याला लाईट जोरदार लागतो आणि पाणी मुरलेलं लागतं.

आणि लाईट लगेच घ्यायचाय असं पण नाही, टँकची सायकल (पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू तयार होण्याचा काळ) पूर्ण व्हायला ४-६ आठवडे जातात, तेवढे दिवस अंधार असलेला उलट बरा, शेवाळ कमी येतं. तोपर्यंत दुकानात जाऊन लाईट चालू करून बघा, लाईटचा पंखा आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) सुटा मिळतो का विचारा कारण दमट खाऱ्या हवेत पहिल्यांदा तेच जातात, आणि पंख्याचा आवाज कान देऊन ऐका, टँक हॉलमध्ये असेल तर रोज ९ तास तो आवाज घरात असणार आहे.