पहिली कॉइल गुंडाळण्याआधी

तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखवलं. तीच तार गुंडाळली, म्हणजे कॉइल केली, की प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र एकमेकांत मिळतं. म्हणून जोर ठरतो तो वेढे गुणिले करंट यावर. आत मऊ लोखंडाचा गाभा घाल, फरक लगेच हाताला जाणवेल. पोलाद नको, ते वीज बंद केल्यावरही चुंबक राहू शकतं.

इनॅमलच्या तारेवर वीज अडवणारा पातळ थर असतो, तिची टोकं नीट खरवड. नवशिक्यांच्या बहुतेक ‘बंद’ कॉइल इथेच अडलेल्या असतात.

आता खरं महत्त्वाचं. कॉइलला करंटमधला बदल सोसत नाही. १२ व्होल्टच्या रिलेची (कॉइलवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे करंट जेमतेम ३० मिलिअँपिअर. पण तो अचानक तोडलास तर उलट दिशेने शेकडो व्होल्टचा झटका येऊ शकतो आणि कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर जातो. माझे कितीतरी असेच गेले. डीसीच्या (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) कॉइलला समांतर डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, उलटा लाव, कायम. गंमत अशी, की गाडीच्या इग्निशन कॉइलमध्ये हाच गुण ठिणगी पाडतो.

आणि एसीची (सतत दिशा बदलणाऱ्या विजेची) कॉइल तेवढ्याच व्होल्टच्या डीसीवर लावू नकोस. एसीत तिचा इंडक्टन्स, म्हणजे बदलाला विरोध करण्याचा तोच गुण, करंट रोखतो, डीसीत फक्त तारेचा रोध उरतो आणि कॉइल जळते. एसीच्या सोलेनॉइडमधला (दांडा आत ओढणाऱ्या कॉइलमधला) दांडा अर्ध्यात अडकला, तर इंडक्टन्स कमी पडतो आणि तेच होतं. म्हणून जळालेली कॉइल बदलण्याआधी दांडा मोकळा सरकतो का, ते बघ.