शॉकअप ओला, पण गाडी बसली कशाने?

प्रश्न : दिवे परिसरातील सीताफळे मी माझ्या पिकअपमधून घाटमार्गे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचवतो. गाडीचा मागील डावा शॉकअप तेलाने ओला दिसतो, खड्ड्यात खडखड आवाज येतो आणि गाडी डाव्या अंगाला बसल्यासारखी वाटते. गॅरेजमध्ये चारही शॉकअप बदलून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) टाकण्यास सांगितले आहे. तसे करावे का?
— एक वाचक, सासवड

उत्तर : तूर्त करू नये. मालाचे वजन पाटे पेलतात आणि पाट्यांची वरखाली होणारी हालचाल लवकर शमवणे हे शॉकअपचे काम असते. त्यामुळे चारही शॉकअप नवे टाकले तरी बसलेली बाजू वर येणार नाही.

आधी ओला शॉकअप पुसून कोरडा करावा आणि नेहमीचा माल घेऊन दोनचार फेऱ्यांनंतर पुन्हा पाहावा. तेल अडवणाऱ्या सीलजवळ तेलाचा पुसटसा थर व त्यावर धूळ एवढेच दिसले, तर काळजीचे कारण नाही. ओघळ नळकांड्यावरून उतरून खालच्या टोकाला थेंब धरत असेल, तर मात्र सील गेले असे समजून मागचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलावेत. पुढचे कोरडे आणि सुस्थितीत असतील, तर त्यांवर खर्च कशाला? हे तेल ब्रेकच्या नळीतून आलेले नाही, याची खात्री मात्र त्याच दिवशी करून घ्यावी, कारण आपण घाट उतरता तो भरलेल्या गाडीने.

खडखडाटाचे मूळ बहुतेक वेळा बुशमध्ये, म्हणजे जोडांमधील रबरी नळीत, सापडते. चाकांना दगड लावून, चासी जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर टेकवून, शॉकअपची दोन्ही टोके आणि पाट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी हलती कडी) पहारीने हलवून पाहावेत. चिरलेले रबर, लांबट झालेले भोक किंवा पिनेभोवती जमलेली तांबूस भुकटी दिसली, तर तेथे लोखंडावर लोखंड घासत आहे असे समजावे.

आता बसलेल्या बाजूविषयी. माझ्या मते खरी चिंता हीच आहे. गाडी रिकामी करून, टायरमधील हवा सारखी ठेवून, सपाट जागी चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. डावीकडे ते स्पष्टपणे कमी भरले, तर पाटा थकलेला किंवा तुटलेला असू शकतो. पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी गेलेली चीर, पाटे ॲक्सलला (चाकांच्या आसाला) आवळणाऱ्या यू-बोल्टखाली झाकलेली राहते आणि वरून पाहून कळत नाही, म्हणून पाटे उतरवूनच तपासून घ्यावेत. सेंटर बोल्टच तुटला असेल, तर ॲक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते; अशा स्थितीत माल भरून घाटात जाऊ नये.

जादा पाट्याने मागची बाजू उचलली जाईल, पण ॲक्सल, ब्रेक आणि टायर यांची क्षमता आहे तेवढीच राहील. आरसी बुकात नोंदलेले वजनही त्याने वाढत नाही.

नवे रबरी बुश बसवताना त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळण्यास मेकॅनिकला सांगावे. चाके लोंबकळत असताना आवळल्यास रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. यू-बोल्टही भरलेल्या गाडीने काही फेऱ्या झाल्यावर पुन्हा तपासून आवळून घ्यावेत.