ऑइलची फरशी आणि छोटं मशीन

प्रश्न: माझं क्लिनिंगचं काम आहे. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका वर्कशॉपची फरशी मिळालीय, ग्रीस नि कटिंग ऑइलचा काळा थर बसलाय. माझं ११० बार दाबाचं प्रेशर वॉशर नुसतं पाणी उडवतं. २०० बारचं घेऊ का?

उत्तर: दादा, नुसतं बार वाढवून भागणार नाही, थंड पाण्याने ग्रीस फक्त इकडचं तिकडे सरकतं. गरम पाण्याचं मशीन बघा, महाग आहे खरं, म्हणून आधी भाड्याने आणा, आणि मिनिटाला किती लिटर पाणी फेकतं तेही विचारा कारण सुटलेली घाण वाहून न्यायला तेच लागतं. आधी डिग्रीझर (ग्रीस सुटवणारं रसायन) मारून दहा मिनिटं थांबा, ते सुकू मात्र देऊ नका. आणि ते तेलकट पाणी गटारात अजिबात सोडू नका हो, नासर्डी नदीतून थेट गोदावरीत जातं.